आधी कान मोजा!

शुक्रवारची संध्याकाळ झाली की आमच्या ऑफिसातली निम्मी जनता कात टाकते. अकाउण्ट्सवाला गिटार काढतो, एचआरमधली जुन्या भावगीतांची कव्हर्स गाते, टेस्टिंगमधले दोघं पॉडकास्ट करतात. प्रत्येकाच्या घरी म्हणे 'स्टुडिओ' आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर वन बीएचकेतल्या बेडरूमचा एक कोपरा, कपाटाच्या दारावर टांगलेली रजई, एक माइक, एक लॅपटॉप आणि त्या दोघांची ओळख करून देणारा ऑडिओ इंटरफेस नावाचा छोटा डबा. पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की टेक सुरू!

'गॅजेटवाली' म्हणून ऑफिसात माझं नाव जरा बदनाम आहे. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला कॅण्टीनमध्ये गाठतंच. "अगं, हेडफोन अॅम्प घ्यायचाय. स्वस्तात मस्त कुठला? फक्त नाव सांग." मी नाव सांगत नाही. उलट विचारते, "एका वेळी किती जण ऐकणार? आणि हेडफोन कुठला आहे?" समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला ब्रॅण्ड हवा असतो आणि मी शाळामास्तरीण झालेली असते. पण मंडळी, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की खरेदीचं बरंचसं काम तिथेच उरकतं. कित्येकदा तर 'अॅम्प घ्यायचीच गरज नाही' असं उत्तर निघतं. खिशासाठी याहून चांगली बातमी कुठली?

मुळात हवाच कशाला?

तुमच्या इंटरफेसवर हेडफोनचं चित्र असलेलं एक भोक आहे ना? त्याच्या मागे हेडफोन अॅम्पच बसलाय. म्हणजे एक अॅम्प तुमच्याकडे आधीच आहे. दुसरा घ्यायचा तर त्याला कारण हवं. माझ्या हिशेबाने खरी कारणं दोनच. एक, तुमचा हेडफोन त्या भोकातून पुरेसा वाजत नाही. दोन, एकाच वेळी एकापेक्षा जास्त माणसांना ऐकायचंय.

'अॅम्प घेतला की आवाज भारी होतो' हे कारण मी यादीत धरत नाही. चांगला अॅम्प आवाजात स्वतःचं काही घालत नाही, काही काढतही नाही. पोस्टमनसारखं त्याचं काम, पत्र जसंच्या तसं पोचवायचं. त्यात मजकूर वाढवून देणारा पोस्टमन कुणाला हवाय?

अजून एक गैरसमज इथेच निकालात काढू. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो, म्हणून काही जण अॅम्प शोधायला निघतात. रोग वेगळा, औषध वेगळं! हा उशीर कॉम्प्युटर करतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स आणि २५६चा बफर असेल तर एका फेरीला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येणार आणि परत बाहेर जाणार, म्हणजे किमान दुप्पट. अॅम्प बदलून त्यात काडीचा फरक पडत नाही. बफर कमी करा, नाहीतर इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण दाबा. मग माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. पैसे लागत नाहीत.

थोडंसं दहावीचं सायन्स

आता पहिलं कारण, हेडफोन पुरेसा न वाजण्याचं. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहम, म्हणजे तो विजेला किती अडवतो. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॅट दिला तर किती डेसिबल वाजतो. लोक फक्त ओहम बघतात. पण जोडी पाहिल्याशिवाय पत्रिका जुळत नाही.

उदाहरण घेऊ. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा ३८ ओहमचा, ९९ डेसिबलवाला. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन अवतारांत मिळतो, सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल. त्यातला २५०वाला घेऊ. तबल्याची जोरकस थाप पडली तर ती न फाटता कानात यावी म्हणून क्षणभरासाठी ११० डेसिबलपर्यंतची तयारी ठेवायची, असं धरू. (तेवढ्या आवाजात गाणं ऐकायचं नाही हं! ही फक्त वरची मोकळी जागा.) एम५०एक्सला त्यासाठी सुमारे साडेबारा मिलिवॅट लागतात, म्हणजे जेमतेम ०.७ व्होल्ट. डीटी ७७०च्या २५० ओहमवाल्याला लागतात २५ मिलिवॅट आणि तब्बल २.५ व्होल्ट!

०.७ व्होल्ट तर बहुतेक सगळे इंटरफेस हसतहसत देतात. २.५ व्होल्ट म्हटलं की लॅपटॉपच्या यूएसबीवर पोट भरणारे कित्येक छोटे इंटरफेस धापा टाकतात. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटतं. अपवाद आहेत. २०२१पासूनच्या मॅकबुक प्रोचं हेडफोनचं भोक समोरचा हेडफोन ओळखतं आणि १५० ओहमच्या वरचा असेल तर ३ व्होल्टपर्यंत देतं. तुमच्या यंत्राचा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडतो. तिथे आपण कधीच पोचत नाही, ही गोष्ट वेगळी!

मग लोक २५० ओहमवाला घेतात कशाला? कारण खोक्यावर 'स्टुडिओ' लिहिलेलं असतं आणि जास्त आकडा म्हणजे जास्त भारी, असं आपल्याला मोबाइलच्या मेगापिक्सेलने शिकवलंय. मोठ्या स्टुडिओत एका दणकट अॅम्पवर अनेक हेडफोन जोडायचे असतात, तिथे जास्त ओहम सोयीचे पडतात. तुमच्या बेडरूममध्ये मात्र तोच हेडफोन कमी ओहमचा मिळत असेल तर तोच घ्या. अॅम्पचा खर्च वाचला. हेडफोन आधीच घेऊन बसला असाल तर मात्र अॅम्प हवा, आणि तो घेताना एकच प्रश्न विचारायचा: 'माझ्या ओहमला हा किती मिलिवॅट देतो?' जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेकदा ३२ ओहमचा असतो. २५० किंवा ३०० ओहमला तो बराच उतरतो.

कान दोन की चार?

आता दुसरं कारण, आणि घरगुती स्टुडिओत हेच जास्त महत्त्वाचं. दोन माणसं ऐकणार असली की आपण काय करतो? रस्त्यावरून वाय आकाराचा स्प्लिटर आणतो. एका भोकात दोन हेडफोन! जुगाड चालतो, पण दोघांना एकच व्होल्टेज जातं आणि आवाजाचं बटण एकच राहतं. वरचंच गणित लावा. ०.७ व्होल्टला एम५०एक्स ११० डेसिबल वाजतो, तेव्हा २५० ओहमवाला डीटी ७७० वाजतो ९९. फरक ११ डेसिबलचा. कानाला १० डेसिबल म्हणजे ढोबळमानाने दुप्पट मोठा आवाज. एकाच्या कानात ढोल-ताशा आणि दुसऱ्याच्या कानात कुजबुज!

याचा हिशेब फक्त कानाला बसतो असं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मित्राची बहीण बंगळुरूला असते. तिला बाळ झालं आणि याने ठरवलं की आईची अंगाई रेकॉर्ड करून पाठवायची. तीच अंगाई, जी आईने या दोघांना म्हटली होती. आई साठीच्या पुढची, आयुष्यात कधी हेडफोन लावलेला नाही. मी त्या दिवशी मदतीला गेले होते. आईंच्या कानावर २५० ओहमवाला, याच्या कानावर कमी ओहमवाला, मध्ये स्प्लिटर. याला तंबोरा नीट ऐकू येत होता, म्हणून बटण तिथेच होतं. आईंना तो जेमतेम येत होता. स्वतःचा आवाज तर कान झाकल्यामुळे डब्यातून आल्यासारखा. त्या नकळत आवाज चढवत गेल्या. तिसऱ्या टेकला घसा बसला. हेडफोन काढून म्हणाल्या, "राहू दे रे. वय झालं, आता गळाच राहिला नाही." त्याला काय बोलावं कळेना. मलाही.

गळ्याला काही झालं नव्हतं. ऐकू येत नव्हतं, एवढंच. पुढच्या रविवारी चार चॅनेलचा एक साधा अॅम्प आला, दोघांना कमी ओहमचे हेडफोन, आणि तो डबा आम्ही आईंच्या शेजारी स्टुलावर ठेवला. त्यांचं बटण त्यांच्या हातात. मित्र म्हणाला, "आई, तुला हवं तेवढं फिरव." त्यांनी आधी वाढवलं, मग कमी केलं, मग अजून कमी केलं आणि एक कान मोकळा ठेवला. "अरे, अंगाई काय ओरडून म्हणायची असते?" असं म्हणून हळूच सुरुवात केली. पहिलाच टेक ठेवला आम्ही. शेवटच्या कडव्यात खालच्या गल्लीतली रिक्षा ऐकू येते. बहिणीने ती काढू नकोस म्हणून बजावलंय.

म्हणून सांगते, चार चॅनेल म्हणजे चार भोकं नव्हेत. चार स्वतंत्र बटणं! गाणाऱ्याला तंबोरा किती हवा, गिटारवाल्याला क्लिक किती हवा, हे ज्याचं त्याला कळतं. ते बटण त्याच्या हातात देणं हेच या डब्याचं खरं काम.

बाजारात काय आहे?

स्वस्तातल्या मल्टी-चॅनेल गटात हमखास दिसणारं नाव म्हणजे बेहरिंगरचा मायक्रोअॅम्प एचए४००. तळहाताएवढा, एक स्टिरिओ इनपुट, चार आउटपुट, चार बटणं, १२ व्होल्टचा अॅडॉप्टर. घरच्या रेकॉर्डिंगला आणि कमी ओहमच्या हेडफोनला चालून जातो. एक पायरी वर प्रीसोनसचा एचपी४. चार चॅनेल तर आहेतच, शिवाय धातूचं अंग आणि स्पीकरकडे जाणारं आउटपुट, त्याला म्यूट आणि मोनोची बटणं. मिक्सिंग करणाऱ्यांना ही सोय आवडते. त्याच्याही वर रॅकमध्ये बसवायचे सहा-आठ चॅनेलवाले. तुमच्या घरी वाद्यवृंद येत नसेल तर ते सोडा.

एकट्याने ऐकायचंय आणि हेडफोन मात्र हट्टी आहे, असं असेल तर एक चॅनेलचा चांगला अॅम्प घ्या. इथे एक भन्नाट किस्सा आहे. २०११मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' अशा टोपणनावाच्या माणसाने ऑब्जेक्टिव्ह२ नावाच्या अॅम्पचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. साधे, स्वस्त पार्ट वापरून मोजमापात महागड्या यंत्रांना टक्कर देता येते, हे त्याने आकड्यांनिशी दाखवलं. पुढच्याच वर्षी तो गायब झाला. कोण होता, कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. पण त्याच्या डिझाइनवरून कंपन्यांनी अॅम्प बनवून विकले. स्वस्त म्हणजे टाकाऊ हे समीकरण त्याने मोडलं ते मोडलंच.

त्यानेच लोकांच्या गळी उतरवलेला एक नियमही लक्षात ठेवा. अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून जास्त नको. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. कारण मोठ्या हेडफोनचा ओहम सगळ्या सुरांना सारखा राहत नाही, खर्जाच्या एका पट्ट्यात तो बऱ्याचदा चढतो. अॅम्पचा इम्पीडन्स जास्त असला की तिथे खर्ज फुगतो. तुम्हाला वाटतं गाण्यातच बास जास्त झाला, तुम्ही तो मिक्समध्ये कापता आणि तेच गाणं मित्राच्या गाडीत वाजलं की पापडासारखं पातळ! खोटं सांगणारा आरसा लावून दाढी केली तर काय होणार?

दुकानात जाण्याआधी

लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन सेल, खिशात एवढं ठेवा:

१. वायर आधी बघा. इंटरफेसची लाइन आउटपुट दोन असतात, डावं आणि उजवं. छोट्या अॅम्पचं इनपुट बहुतेकदा एकच स्टिरिओ असतं. म्हणजे दोन मोनो पिना एका बाजूला आणि एक स्टिरिओ पिन दुसऱ्या बाजूला, अशी वायर लागते. किंवा सरळ इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ वायरने अॅम्पला जोडा, तेही चालतं. ही वायर घरी नसली की नवा डबा आठवडाभर शोकेसमध्ये बसतो.

२. अमेरिकेहून येणाऱ्या चुलतभावाला अॅम्प आणायला सांगताय? अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते विचारा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो धूर काढून दाखवेल.

३. अॅम्प विकत घेतल्यावर काही न वाजवता हेडफोन लावा आणि बटण हळूहळू चढवा. नेहमीच्या जागेपर्यंत सूंऽऽ असा आवाज आला तर परत करा. 'हम्म्म' असा जाड आवाज आला तर अॅम्पला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा गुंजारव बऱ्याचदा अर्थिंगच्या गोंधळातून शिरतो. लॅपटॉप आणि अॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावूनही तो कमी होतो.

४. गाणाऱ्याला बंद कपांचा हेडफोन द्या. उघड्या कपांतून क्लिक बाहेर येतो आणि माइकमध्ये शिरतो. मग हळव्या ओळीमागे टिक-टिक-टिक.

५. पैसे कमी असतील तर आधी हेडफोनवर घाला, उरले तर अॅम्पवर. उलटं केलं तर गाढवावर अंबारी!

आणि एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही

अॅम्पमध्ये ताकद असते आणि ताकद वापरायची खाज सगळ्यांनाच असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांनी २०१८मध्ये जे मानक ठरवलं, त्यात मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा दिली आहे. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९५ डेसिबलला पूर्ण आठवड्यासाठी मिळतात फक्त सव्वा तास! शनिवारी दुपारी एका गाण्याचे पाच-सहा टेक आणि थोडं मिक्सिंग केलंत की कोटा संपला. वर ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये कानात इअरफोन आहेतच.

अॅम्प जळला तर बदलता येतो, हेडफोन तुटला तर ईएमआयवर नवा येतो. कानाच्या आतल्या केसांएवढ्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून नव्या अॅम्पवर पहिलं काम काय करायचं? आरामात ऐकू येतं त्या जागी बटणाशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका लावायचा. त्याच्या पुढे जायचं तर कारण हवं. हेडफोन चढवण्याआधी बटण शून्यावर आणायची सवय लावा, आणि पाहुण्या गायकालाही ती लावा. माझ्या अॅम्पवरचा ठिपका लाल आहे, तुम्ही मॅचिंग निवडा.

तेव्हा मंडळी, या वीकेण्डला खरेदीला निघणार असाल तर कागदावर तीन ओळी लिहून न्या: किती कान, किती ओहम, कुठली वायर. काउंटरवरचा पोरगा "मॅडम, किती वॅटचा देऊ?" असं विचारेल. तुम्ही त्याला म्हणायचं, "वॅटचं मागून बघू रे. आधी सांग, याला बटणं किती आहेत?"